नाताळचं ताट

मैत्रिणींनो, डिसेंबर लागेपर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणींची फराळाची भांडी घासूनपुसून पुन्हा माळ्यावर गेलेली असतात. आमची त्याच सुमारास खाली उतरतात. सोऱ्या, कातणं, झारा, मोठी परात, सगळा संसार. मराठी ख्रिस्ती घरातला नाताळ म्हणजे केक आणि झाड, अशी पुष्कळांची समजूत असते. शाळेत मुलींना करंज्या-अनारशांचं सांगितलं, की त्या म्हणतात, "बाई, मग ही तुमची दिवाळीच की!"

आहेच मुळी. आमचं सासर नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढे जी घरं ख्रिस्ती झाली त्यांची उपासना बदलली, पण चूल तीच राहिली. सणाला गोड काय करायचं, तर आईला-आजीला जे येत होतं तेच. गाण्यांचंही तसंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) अभंगाच्या वळणाची भक्तिगीतं 'उपासना संगीता'तून आम्ही आजही म्हणतो. त्यामुळे नाताळच्या रात्री आमच्याकडे गाणाऱ्यांच्या हातात पेटी, टाळ आणि ढोलकी असते.

केकची तऱ्हा निराळी. पूर्वी घरोघरी भट्ट्या, म्हणजे ओव्हन, कुठे होते? मिश्रण घरी फेसायचं, डब्यात ओतायचं, वर नावाची चिठ्ठी लावायची आणि बेकरीवाल्याकडे पोचतं करायचं. आता कुकरमध्येही छान होतो, पण रांगेत डबा धरून उभं राहण्यातल्या गप्पा गेल्या.

खरी परीक्षा अनारशांची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग फडक्यावर सावलीत कोरडे करून ओलसर असतानाच दळायचे. चाळलेल्या पिठाच्या जवळजवळ वजनाइतका किसलेला गूळ घालून गोळा झाकून ठेवायचा. थंडीत पीठ मुरायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दहा तारखेच्या आतच तांदूळ भिजत घालतो. तळताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अनारसा तुपात हसला, तर थोडी तांदळाची पिठी मळून घ्या. (अनारसा हसला की करणारीला रडू येतं, हे ज्यांनी केले आहेत त्यांना सांगायला नको.)

पण मला आज सांगायचंय ते ताटाबद्दल. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून आमच्याकडे ताट येतं, नाताळला आमचं त्यांच्याकडे जातं. कुणाचं ताट रिकामं परत द्यायचं नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मात्र ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असतं, त्या घरी या ताटाचं मोल काय असतं, ते गेल्या नाताळला कळलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मामंजी गेले. वर्षाच्या आत घरात तळण करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तुमच्यापैकी कितीतरी घरांतही दिवाळीला हेच पाळतात. माझी मुलं लहान. ह्यांना काही सुचत नव्हतं. चांदणी तरी लावायची की नाही, यावर दीर-जावांत दोन मतं पडली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "चांदणी लावा. ती आपल्या घराची नाही, ज्याचा जन्म झाला त्याची आहे. कढई मात्र चढवायची नाही."

तेवीस तारखेपासून ताटं यायला लागली. चर्चमधल्या बायका आल्या, माझ्या शाळेतल्या बाई आल्या, शेजारच्या काकू तर सकाळ-संध्याकाळ येत होत्या. बोलायचं कुणालाच फारसं सुचत नव्हतं. ताट ठेवायचं, सासूबाईंजवळ घटकाभर बसायचं आणि उठायचं. साखर घालून ताट परत करणं सासूबाईंच्या जिवावर येत होतं. त्यांनी मला परसातली लिंबं काढायला लावली. प्रत्येक ताटात दोन-दोन लिंबं गेली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. अशा घरी गोड फार साठतं आणि ते खायची कुणाला इच्छा नसते. तुम्ही जाल तेव्हा चिवडा, चकली न्या, किंवा सरळ पिठलं-भाकरी. भांडं असं न्या की ते परत करायची घाई त्यांना वाटू नये. आणि "यंदा तुमच्याकडे सण आहे का हो?" असं दारातून विचारू नका. हा प्रश्न आम्हाला बाजारात, रिक्षात, सगळीकडे विचारला गेला. उत्तर देताना दर वेळी मामंजी पुन्हा गेल्यासारखं वाटे. नुसतं या आणि बसा.

चोवीसच्या रात्री गाणाऱ्यांची पार्टी गल्लीत आली. मामंजींनी त्या पार्टीत चाळीस वर्षं पेटी वाजवली होती. मुलं आमच्या फाटकापाशी घुटमळली, पुढच्या घराकडे जावं की थांबावं ते त्यांना कळेना. सासूबाई शाल गुंडाळून ओट्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "म्हणा रे. ढोलकी तेवढी राहू द्या." मुलांनी नुसत्या टाळांवर एकच गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला सासूबाईही म्हणू लागल्या. नंतर चहा करायला मी आत गेले, तेव्हा आलेल्या ताटांतलंच त्यांनी सगळ्यांना वाढलं. स्वतः अर्धी करंजी खाल्ली. ऑक्टोबरनंतर त्यांनी गोड तोंडात घातलं ते तेव्हा.

यंदा वर्ष उलटलंय. तांदूळ भिजत पडलेत आणि सासूबाई रोज सकाळी पाणी बदललं का ते विचारतात. ताटांची यादी केली आहे. आमच्या गल्लीत या पावसाळ्यात एका घरी तरणा मुलगा गेला, ते घर सासूबाईंनी सगळ्यांत वर लिहायला लावलंय. तिथे त्या स्वतः जाणार आहेत, लिंबाचं लोणचं घेऊन.

पेटी मात्र अजून कपाटावरच आहे. ह्यांनी परवा खाली काढून धूळ पुसली. धाकटा भाता मारायला लगेच बसला, पण त्याची बोटं काळ्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाहीत. थोरलीला येतं थोडंथोडं. चोवीस तारखेला वाजवशील का, असं सासूबाईंनी तिला विचारलंय. ती म्हणाली, विचार करून सांगते.