फळाच्या पोटातील तारा

आगमनकाळातील तिसरा रविवार जवळ आला म्हणजे बेळगावातील ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकघरांतून नाताळाची चाहूल लागू लागते. कोठे दोदोलासाठी नारळाचा रस व गूळ आटत असतो, कोठे नेवऱ्यांचे सारण परतले जात असते, तर कोठे कुलकुलांचा घाणा तेलातून निथळत असतो. गोव्याकडून घाट चढून आलेल्या कुटुंबांनी जी अनेक चांगली वळणे आपल्याबरोबर आणली, त्यांत नाताळचा फराळ शेजारीपाजारी वाटण्याचे वळण आम्हांस फार मोलाचे वाटते. स्वच्छ फडक्याने झाकलेले ते ताट ख्रिस्ती घरी जाते, तसेच हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीही जाते. आणि दिवाळीस व ईदेस त्यांच्याकडून आलेल्या ताटांचे ऋण थोडेतरी फिटते.

परंतु या धामधुमीत मुलांच्या वाट्यास काय येते? बहुधा एकच वाक्य येते, "हात लावू नका!" तेल तापलेले असते, वेळ थोडा असतो, आणि मुलांनी वळलेला कुलकुल वाकडा होतो. आम्हीही हे वाक्य कितीतरी वर्षे उच्चारीत आलो. त्यात काही चुकते आहे, हे आमच्या ध्यानी आले ते एका दुखवट्याच्या वर्षी. ती हकिगत सांगितल्यावाचून आजच्या विषयाकडे वळता येत नाही.

२०१८ सालच्या ऑक्टोबरात आमचे मामंजी देवाघरी गेले. आमच्यांतील पुष्कळ घरांची जुनी चाल अशी की, वर्षभरात घरी मृत्यू झाला असेल तर नाताळास गोडधोड करावयाचे नाही. शेजारी व आप्त ताटे पाठवितात. त्याप्रमाणे आमची कढई फळीवरून खाली आली नाही. नाताळच्या आदल्या सायंकाळपर्यंत पाच घरांची पाच ताटे आमच्या मेजावर येऊन विसावली. आमची धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. तिने ती मोजली आणि विचारले, "आई, ताट रिकामं परत द्यायचं नसतं ना? मग यांत काय घालायचं?"

आम्ही जे कोणीही म्हणेल तेच म्हणालो, "चमचा चमचा साखर घालू."

"साखर तर सगळ्यांकडेच असते," ती म्हणाली.

याला उत्तर नव्हते. घरात फळे मात्र होती. समाचारास येणारी माणसे सासूबाईंसाठी सफरचंदे, पपया, केळी, संत्री घेऊन येत. सासूबाईंचे जेवण तुटले होते. फळे तशीच पडून राहात. मुलीची नजर त्या टोपलीकडे गेली. आम्हांस संकोच वाटला. दुखवट्याच्या घरी मुलांनी ताटे सजवीत बसावे, हे सासूबाईंस रुचेल काय? शेवटी मुलीनेच जाऊन आजीला विचारले. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या व म्हणाल्या, "फळ म्हणजे पक्वान्न नव्हे बाळ. ते देवाने केलेलं आहे. आपण फक्त कापायचं."

मग दहा वर्षांच्या भावाने सुरी घेतली. आपण सफरचंद देठापासून खाली उभे कापतो. त्याने ते आडवे ठेवून मधोमध कापले, आणि आम्ही काही बोलण्याच्या आत "चुकलं!" म्हणून सुरी खाली ठेवली. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "चुकलं नाही रे. आत बघ काय आहे ते." दोन्ही अर्धांच्या मध्यभागी, बियांच्या कप्प्यांचा, एक रेखीव पाच टोकांचा तारा होता. मुलीने एक पातळ चकती कापून घेतली व ती आजीच्या हातावर ठेवली. "आजी, हा तुझा." सासूबाईंनी ती पुष्कळ वेळ पाहिली, आणि मग खाल्ली. त्या दोन महिन्यांत कोणी आग्रह न करता त्यांनी खाल्लेला तो पहिला घास होता.

त्या रात्री पाचही ताटे फळांनी भरून परत गेली. कापण्यात कौशल्य नव्हते, केळ्याच्या काही चकत्या काळवंडल्याही होत्या. परंतु मिस्सास निघताना आमची मुले जशी ताठ चालत होती, तशी ती नव्या कपड्यांनी कधी चालली नव्हती.

वाचकभगिनींनो, तेव्हापासून दुखवटा नसतानाही आमच्या घरी एक ताट मुलांचे असते. फराळाची बाकी ताटे आमची. ते ताट त्यांचे. ते कसे करावयाचे, हे येथे सांगतो.

प्रथम तारे. सफरचंदाच्या फुलास पाच पाकळ्या असतात आणि फळाच्या गाभ्यात बियांचे पाच कप्पे असतात. म्हणून आडवा छेद घेतला की तारा दिसतो. पपईही आडवी कापून बिया काढल्या म्हणजे आतील पोकळी पुष्कळदा पाच कोनांची निघते. मुलांना हे आधी सांगू नये. त्यांनाच सापडू द्यावे. कमरख नावाचे पाच धारांचे पिवळे, आंबटगोड फळ बाजारात मिळाले तर त्याची प्रत्येक चकती म्हणजे अख्खा ताराच. मात्र येथे एक गंभीर सूचना आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी कमरख मुळीच खाऊ नये, रसही घेऊ नये. त्यातील विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. विकार असेल तर ते अंगात साचून मेंदूस अपाय करते. ज्या घरी ताट जावयाचे तेथे असे कोणी आहे किंवा कसे हे ठाऊक नसेल, तर कमरख घालूच नये.

मग रंग. मुलांना रंगांची आवड उपजतच असते, आणि बाजारातील भडक गोळ्या व खाऊ याच आवडीवर खपतात. केकमध्ये घातली जाणारी लाल, हिरवी, पिवळी टुटीफ्रुटी म्हणजे बहुधा पाकात मुरवून रंगविलेली कच्ची पपई असते, हे किती मुलांना माहीत असते? तेव्हा मुलांना सांगावे की, देवळात तुम्ही जे रंग पाहता ते फळांत शोधा. आगमनकाळाचा जांभळा रंग काळ्या मनुकांत व काळ्या द्राक्षांत मिळेल. तिसऱ्या रविवारी वेदीवर जो गुलाबी रंग दिसतो, तो लाल गराच्या पेरूत आहे. नाताळचा शुभ्र रंग ओल्या खोबऱ्यात व सीताफळाच्या गरात आहे. सोनेरी रंग पपईत व संत्र्यात आहे. आणि २६ डिसेंबरला आद्य रक्तसाक्षी संत स्तेफनाच्या सणाचा लाल रंग डाळिंबाच्या दाण्यांत आहे. आमच्या मुलास धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ न झालेले रंग असे एका दुपारी पाठ झाले.

आता कृती. फळे आधी वाहत्या पाण्याखाली धुण्याचे काम सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. ते त्यास सर्वांत प्रिय असते. डाळिंबाचे चार भाग करून पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवावे व दाणे पाण्यातच बोटांनी मोकळे करावे. दाणे तळाशी जातात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो, आणि कपड्यांवर डागही पडत नाहीत. सफरचंद व केळे कापल्यावर हवा लागून काळी पडतात. म्हणून चकत्यांवर लगेच लिंबाचा रस हलक्या हाताने चोळावा. केळे चकत्या न करता सोलून टोकाशी बोटाने अलगद दाबले, तर ते उभ्या तीन भागांत उकलते. एका फळात तीन भाग पाहून आमच्या मुलीने पवित्र त्रैक्याची आठवण काढली होती. दृष्टान्त अपुरा असतोच, आणि फादरांनी तिला हसत हसत ते समजावलेही. परंतु मुलाच्या हाताला सापडलेला दृष्टान्त त्याच्या मनात राहतो. संत्रे तर मुलांनी केवळ सोलावे. ते देवाने आधीच वाटून ठेवलेले फळ आहे.

सुरीविषयी थोडे. सहासात वर्षांच्या मुलास केळे व पपई कापण्यास बोथट सुरी पुरते. सफरचंद मोठ्यांच्या देखरेखीखालीच कापावे. विळीवर लहानांना बसवू नये. ताटात दात कोरण्याच्या काड्या खोचण्याची पद्धत दिसण्यास चांगली असली तरी लहानांच्या घरी त्या काड्या टाळाव्यात. आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये. ते गुळगुळीत असल्याने घशात अडकून श्वास कोंडतो. प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत, आणि मूल बसलेले असतानाच खाऊ द्यावे, धावताना नव्हे.

कापलेली फळे टिकत नाहीत. म्हणून हे ताट आदल्या दिवशी करून ठेवण्याजोगे नाही. कापले की तासा-दोन तासांत पोचते करावे. आम्हांस तर हा त्याचा गुणच वाटतो. साठवून ठेवता येत नाही म्हणून ते द्यावेच लागते.

ज्यांना टिकणारा पदार्थ हवा असेल त्यांनी पेराद करावी. पेरूच्या वड्यांना गोव्याकडे हे नाव आहे. पिकलेले पण घट्ट असे एक किलो पेरू धुऊन, फोडी करून, थोड्या पाण्यात मऊ शिजवावेत. थंड झाल्यावर तो गर चाळणीतून घासून काढावा, म्हणजे बिया वर राहतील. हे काम मुले आवडीने करतात. दोघांनी आळीपाळीने करावे, कारण हात लवकर भरून येतात. गर वाटीने मोजावा. चार वाट्या गरास तीन वाट्या साखर, दोन लिंबांचा रस आणि दोन चमचे साजूक तूप. मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळावे. ते उकळताना उडते व उडालेला थेंब चिकटून भाजतो, म्हणून या वेळी मुलांनी दूर बसावे. पाऊण ते एक तासाने गोळा कडा सोडून कलथ्याभोवती फिरू लागला, की तूप लावलेल्या ताटात बोटभर जाडीचा थापावा. पेरूत पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असते. साखर व लिंबाचा आंबटपणा यांच्या संगतीने ते घट्ट बसते, बाहेरून काही घालावे लागत नाही. रात्रभर निवल्यावर मुलांनी साच्याने तारे, चंद्र, मेंढरे कापावीत. लाल गराचा पेरू असेल तर रंग आपोआप गुलाबी-तांबूस येतो. पांढऱ्या गराचा असेल तर मधासारखा येतो. बाटलीतील लाल रंग घालण्याचा मोह आवरावा. मात्र यात साखर भरपूर असते, हे मधुमेही वडीलधाऱ्यांनी विसरू नये. ताज्या फळांतही साखर असतेच. त्यांनी आपल्या वैद्यांनी सांगितलेल्या मापातच खावीत. पण एक तारा हातावर ठेवून घेण्यास हरकत नसावी.

हे सारे लिहिताना संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील ते ज्ञानी पुरुष आमच्या डोळ्यांपुढे येतात. ते किती होते हे शुभवर्तमानकाराने सांगितलेले नाही. देणग्या तीन, म्हणून आपण तीन मानतो. परंतु दोन गोष्टी त्याने निश्चित सांगितल्या आहेत. त्यांनी तारा पाहिला, आणि ते रिकाम्या हाताने आले नाहीत. आमच्या मुलीला ताटे मोजताना हीच काळजी पडली होती. दुःखाच्या घरीही देण्याजोगे काही उरलेले असते. ते सापडावयास मात्र कोणीतरी फळ आडवे कापावे लागते.

सासूबाई २०२१ साली मामंजींच्या भेटीस गेल्या. त्या वर्षीही आमची कढई चढली नाही, आणि त्या वर्षीही शेजाऱ्यांची ताटे आली. मुले मोठी झाली होती. आम्हांस काही सांगावे लागले नाही. सायंकाळी स्वयंपाकघरात गेलो, तो मुलगा ओट्याशी उभा होता, आणि पहिली चकती त्याने वेगळ्या बशीत काढून आजीच्या तसबिरीपुढे ठेवली होती.

यंदा आपल्या घरी ओट्याची एक बाजू मुलांना मोकळी करून द्या. पसारा होईल, तो आवरता येईल. आणि आपल्या गल्लीत कोणाकडे यंदा दुखवटा असेल, तर मुलांचे ताट प्रथम तेथे जाऊ द्या.

सर्व वाचक कुटुंबांस नाताळाचे मंगल चिंतितो.