नोंदी आमच्या, हिशेबही आम्हाला हवा



नोकरीत असताना छातीत कळ येऊन साथी गेला, की आम्ही वर्गणी काढतो, शोकसभा घेतो, अनुकंपा नोकरीचा अर्ज भरून देतो. पण असे साथी कोणत्या कामावर, किती रात्रपाळ्या करून गेले, याचा हिशेब आम्ही मागत नाही. तो मागावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब नोंदींतून मांडता येतो. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले, की बसून असणाऱ्या बसड्रायव्हरपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांत आणि टपालखात्यातील कारकुनांपेक्षा फिरत्या पोस्टमनांत हृदयविकार कमी होता. आपल्याकडे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातील साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांमधील मृत्यू तपासले. त्यांचा लेख १९६७ साली प्रसिद्ध झाला. पंजाबी कर्मचाऱ्यांच्या आहारात स्निग्ध पदार्थ कितीतरी जास्त होते; तरी हृदयविकाराचे प्रमाण दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत सातपट निघाले. एका दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे दिसले नसते. लाखोंच्या नोंदी एकत्र ठेवल्या, म्हणून दिसले. कारण कोणते, याचा शोध अर्थात त्यापुढे घ्यावा लागतो.

आज रेल्वे रुग्णालयांतील नोंदी संगणकावर आल्या आहेत. त्यांना ड्यूटी रोस्टरची जोड दिली, तर रात्रपाळी आणि अपुरी विश्रांती हृदयाला किती महाग पडते, हे तपासता येईल.

यावर रनिंग स्टाफचे साथी विचारतात, "उद्या हीच नोंद दाखवून आम्हाला अनफिट केले तर?" ही भीती रास्त आहे. भीतीपोटी माणूस दुखणे लपवील. तो उपचाराला मुकेल आणि नोंदही खोटी ठरेल.

म्हणून आमच्या अटी तीन. अभ्यासाला देताना नोंदींतून नाव व कर्मचारी क्रमांक काढावा. अभ्यासातील माहितीवरून कोणावरही वैयक्तिक कारवाई होऊ नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला सवलत आहे, ती याच अटीवर. आणि निष्कर्ष आमच्या भाषेत नोटीस बोर्डावर लागावेत व त्यानुसार रोस्टर बदलावे.

प्रत्येक शाखेने या तीन अटींसह ठराव करून पाठवावा. पोस्टातील साथींनीही आपल्या खात्याकडे हीच मागणी करावी.