वाहन आमचे, किल्ली कुणाची?

मोटारसायकलची किल्ली हरवली, की आपल्या घरांत पहिला गुन्हेगार ठरतो तो ती हरवणारा. आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळे त्याच्या वेंधळेपणावर तोंडसुख घेतात. अहो, किल्ली ही हरवायचीच वस्तू! ती हरवल्यावर गाडीच्या धन्याने कुणाच्या दारात हात जोडून उभे राहायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो कुणीच विचारीत नाही.

म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा-येझदीची किल्ली जुन्या मंडळींना आठवत असेल. खिळ्यासारखी साधी, एकाची दुसऱ्याच्या गाडीला चालायची. चोराचीही सोयच होती, हे कबूल. पुढे दातेरी किल्ल्या आल्या. ती हरवली तर बाजाराच्या कोपऱ्यावर किल्लीवाला होता. कोरी किल्ली कुलपात घालून तो फिरवी, आतल्या पट्ट्यांचे व्रण तिच्यावर उमटत, नेमक्या तेवढ्याच जागी कानस चाले आणि गाडी पुन्हा धन्याची होई. कानडीत किल्लीला ‘कीलीकै’ म्हणतात. कै म्हणजे हात. त्या हाताची भाषा कोणती, हे आमच्या सीमाभागात अडलेल्या माणसाने कधी विचारले नाही.

आता अनेक गाड्यांच्या किल्लीत चिप बसली आहे. दाते जुळले तरी चिपचा संकेत गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला पटला नाही, तर इंजिन चालू होत नाही. २०२३ च्या जानेवारीत होंडाने खिशात ठेवूनच चालणाऱ्या स्मार्ट किल्लीची ॲक्टिव्हाही आणली. चोराला चाप बसतो, हे खरे, तो बसावाच. पण त्याच चापात मालकाने का अडकावे? दोन्ही किल्ल्या गेल्या तर सगळा कुलूपसंच, आणि काही गाड्यांत तो मेंदूसुद्धा बदलावा लागतो. गाडीचे पैसे मोजायचे आम्ही आणि तिचा संकेत कंपनीच्या पेटीत! याला मालकी म्हणायचे की कूळवहिवाट?

विम्याची तऱ्हा निराळी. गाडी चोरीस गेली, की विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक कमी असली, की दाव्याला फाटे फुटतात. सौंदत्तीच्या जत्रेत पडलेली किल्ली अशी दोन वर्षांनी गळ्याशी येते.

दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली. त्यात वाहनांचेही क्षेत्र आहे. त्या हक्कात किल्ली आलीच पाहिजे. गाडी विकतानाच संकेत मालकाला लेखी द्यावा. नवी किल्ली किती रुपयांत आणि किती दिवसांत मिळेल, ते बिलावर छापावे. मालकाच्या संमतीने बाहेरच्या कारागिरालाही ती जुळवता यावी.

तोवर आपण शहाणे होऊ. किल्लीच्या क्रमांकाचा बिल्ला त्याच कडीत अडकवून फिरू नका. तो गाडीच्या कागदांत ठेवा. किल्ली हरवताच पोलिसांत नोंद करा. कागद कानडीत मिळो वा मराठीत, प्रत घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपा.

आणि घरातल्या वेंधळ्याला बोलायचेच असेल तर थोडे बोला. उरलेला राग नवी गाडी घेताना विक्रेत्याच्या टेबलापुढे काढा. तिथे तो कामी येईल.