हक्कसोडपत्रावर सही मागू नका

आई-वडिलांनो, भावांनो, वहिनींनो, भावकीतल्या थोरामोठ्यांनो, आणि घरापासून तुटलेल्या माझ्या तृतीयपंथी बहिणींनो,

घराचा स्लॅब पडतो तेव्हा आमचे पैसे चालतात. बहिणीच्या लग्नात मंडपवाल्याचं बिल आम्ही भरलेलं चालतं. बापाच्या ऑपरेशनला, पुतण्याच्या डिप्लोमाच्या फीला, उसाच्या लागणीला गुगल पेवर आलेली रक्कम कुणी परत पाठवत नाही. पण त्याच घरी यायचं म्हटलं की सांगितलं जातं, रात्रीच्या गाडीने ये, उजाडायच्या आत नीघ, पदर डोक्यावरून घे. आणि बाप गेला, की दिवसपाणी उरकतं न उरकतं तोच एक कागद पुढे सरकवला जातो. हक्कसोडपत्र. वर बोलणं असं की, "तुला जमिनीचं काय करायचंय? तुझ्यामागे आहे कोण?"

हे पत्रक त्या कागदाविरुद्ध आहे. तो कागद मागणारं घर आणि त्यावर मुकाट अंगठा उठवणाऱ्या आम्ही, दोघांनीही ते वाचावं.

मी शिवणकाम करते. सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या गावात जन्मले, पुण्यात हडपसरला चाळीत राहते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, मिळेल ते काम. त्याआधी बरीच वर्षं मंगती केली, दुकानं मागितली, सिग्नलवर उभी राहिले. त्याची मला लाज वाटत नाही. गावच्या घराची मागची खोली त्याच पैशांतून उभी राहिली. त्या खोलीत मी अजून एक रात्रही झोपलेली नाही.

धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मला आत्याच्या मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवली, घरून आली नाही. मंडप आणि आचारी यांचा खर्च माझा होता. पत्रिका मी बोटांनी मोठी करून करून वाचली. वर कुलदैवत, खाली आजोबा-पणजोबा, मग चुलत्यांची फळी, मामाकडची मंडळी, सोसायटीचे चेअरमन, भावाचे मित्र. अगदी तळाला बारीक अक्षरांत "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्याखाली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, त्यात पाळण्यातलं बाळसुद्धा. माझं नाव नव्हतं. मी घेतलेलं तर नव्हतंच, आईबापांनी बारशाला ठेवलेलंही नव्हतं. एरवी घरचे म्हणतात, आमचा मुलगा आम्हाला परत दे. पत्रिका छापताना त्या मुलालाही जागा नव्हती.

माझ्या मैत्रिणींना विचारा, प्रत्येकीची अशी एक पत्रिका आहे. आधी नाव पत्रिकेतून गळतं. मग रेशनकार्डातून. मग बाप गेल्यावर वारसनोंदीच्या अर्जात तलाठ्याला सांगितलं जातं की इतकेच वारस. हा सगळा एकच रस्ता आहे आणि तो सातबाऱ्यापाशी संपतो. म्हणून मी पत्रिकेला मानापमानाची किरकोळ गोष्ट मानत नाही.

घरचे सांगतात, आमचं काही नाही गं, पण समाज काय म्हणेल?

कोणता समाज? माझ्या आजूबाजूच्या समाजाचं मी सांगते. हडपसरला खोली मिळायला मला फार फिरावं लागलं, हे खरं आहे. फोनवर हो म्हणणारे मालक दारात मला पाहिल्यावर "आत्ताच दिली" म्हणायचे. केरळात २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं, आणि त्यांतल्या काहींना थोड्याच दिवसांत काम सोडावं लागलं, कारण परवडेल अशी खोलीच कुणी भाड्याने देईना. तेव्हा समाज साधुसंत आहे असं मी म्हणत नाही. पण एका विधवा मालकिणीने मला खोली दिली. पहिले काही महिने चाळीतल्या बायका नळावर माझी बादली येताच बोलणं थांबवायच्या. मग एकीच्या मुलीचा गॅदरिंगचा घागरा रात्रीत शिवून दिला. मग एकीच्या नवऱ्याला चक्कर आली, तेव्हा रिक्षा मीच आणली. आज आमच्या भिशीची वही माझ्याकडे असते. दर महिन्याला सगळ्यांचे पैसे माझ्या कपाटात येतात, लहान पोर चिठ्ठी उचलतं, मी नाव वाचते आणि जिची चिठ्ठी निघेल तिच्या हातावर रक्कम मोजून ठेवते. ज्यांचं माझं ना नातं ना गोतं, त्या बायका पैशांसोबत मलाही आपलं मानतात. रक्ताच्या माणसांना नुसते पैसे पुरतात.

गावचा समाज वेगळा असतो, असंही म्हणतील. मग वारीतलं ऐका. माझी आई दरवर्षी गावच्या दिंडीतून चालते. माउलींची पालखी पुण्याहून हडपसरमार्गे दिवे घाटाकडे निघते, तेव्हा आम्ही रस्त्याकडेला भेटतो. आधी आई मला दिंडीपासून लांब, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर घेऊन बसायची. गेल्या वारीत तिचे पाय सुजले, उठवेना, म्हणून मीच दिंडीच्या ट्रकपाशी गेले आणि तिचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसले. भोवती सगळ्या गावच्याच बायका. आईने मान खाली घातली होती. एका म्हातारीने डोक्यावरचं वृंदावन उतरवलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू ब्लाऊज शिवतीस म्हणं. सुनंचा शिंप्यानं पार बिघडवून ठेवलाय. पुढच्या साली आणला तर बघशील का?" दुसरीने मला राजगिऱ्याचा लाडू दिला. एवढंच झालं. ज्या समाजाच्या भीतीने मला वर्षानुवर्षं गावाबाहेर ठेवलं, तो समोर येऊन मला सुनेच्या ब्लाऊजचं माप विचारत होता.

आणि गावं याच्याही पुढे गेली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेसाठी अर्ज भरला, तो छाननीत बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना महिला म्हणून उभं राहू दिलं आणि गावाने निवडून दिलं. जिच्या हाती गाव आपला कारभार सोपवतं, तिला बापाच्या ओसरीवर बसू द्यायला भाऊ का बिचकतो? समाजाचं नाव पुढे करू नका. अडचण समाजाची नसून एकरा-गुंठ्यांची आहे, हे आपण एकदा उघड बोलू या.

आता कायद्याकडे वळते. बहिणींनो, हा भाग नीट वाचा.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा दुसरा भाग उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांसाठी होता. सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव चढेल, त्याला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मुलगा दत्तक घेता येणार नाही, अल्पवयीनाचं पालक होता येणार नाही. त्या राज्यकर्त्यांना नेमकं ठाऊक होतं की माणसाला समाजातून उठवायचं तर त्याच्या हातातून वारसा काढून घ्यावा लागतो. तो कायदा केव्हाच गेला. त्याचं काम आज घरातली माणसं करतात, तालुक्याच्या निबंधक कचेरीत दोन साक्षीदार उभे करून.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं की आपण कोण आहोत हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा आहे. मग तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला. त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की आईवडील किंवा जवळचे नातेवाईक राहतात त्या घरात राहण्याचा आम्हाला हक्क आहे, आणि त्या घरातूनच काय, घराच्या कोणत्याही भागातून आम्हाला वगळता येणार नाही. कोणत्याही भागातून, हे शब्द अधोरेखित करा. पाहुणे आले की गोठ्याशेजारी झोपायला लावणं, देवघरात येऊ नको म्हणणं, ताट-वाटी वेगळी ठेवणं, हे सगळं त्यात येतं. कलम १८ तर घर किंवा गाव सोडायला भाग पाडणाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. किती भावांना, किती चुलत्यांना हे माहीत आहे?

या कायद्यात वारसाहक्काबद्दल मात्र एक ओळ नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायची मागणी आपण लावून धरली पाहिजे. उत्तर प्रदेशाने २०२० साली आपल्या महसूल कायद्यात दुरुस्ती करून तृतीयपंथीयांना शेतजमिनीत वाटा दिला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत उत्तर प्रदेशाच्या मागे का राहावं?

पण तोपर्यंत आपला हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही. मुलाला जेवढा, मुलीला तेवढाच. तेव्हा आम्ही मुलगा की मुलगी, हा घोळ वाटणीपुरता निकाली निघाला आहे. तुम्ही मला मुलगा धरा, कायद्याने हिस्सा तेवढाच. मुलगी धरा, हिस्सा तेवढाच. माझ्या बाईपणाशी भांडायचं तर खुशाल भांडा, पण ते भांडण वाटणीच्या कागदावर आणू नका. मुस्लिम घरांत हिशेब वेगळा आहे, तिथे मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा नसतो. पण काहीच वाटा नाही, असं तो कायदाही म्हणत नाही.

नाव बदललं म्हणून हक्क गेला, असंही काही तलाठी तोंडावर सांगतात. लग्न झालेल्या लेकी सासरी नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणून त्या बापाच्या वारस राहत नाहीत का? गॅझेटमध्ये नाव बदललेली मी त्यांच्यासारखीच बापाची लेक आहे.

आता राहिला तो प्रश्न, तुझ्यामागे कोण आहे? गावोगाव बिनलग्नाचे चुलते असतात, मूलबाळ नसलेल्या आत्या असतात. त्यांचं नाव उताऱ्यावरून त्या कारणाने कुणी खोडत नाही. जमीन पुढच्या पिढीला द्यायची असते, तशी स्वतःच्या म्हातारपणालाही लागते. आमच्यातल्या म्हाताऱ्यांची अवस्था कधी पाहिली आहे? गुडघे गेले की दुकानं मागता येत नाहीत, ढोलकी वाजली तरी पाय उचलत नाहीत. ज्या गुरूने मला घरातून निघाल्यावर आसरा दिला, तिची शेवटची दोन वर्षं चेल्यांनी वर्गणी काढून सांभाळली. तिच्या नावावर गावाकडे बागायत जमीन असायला हवी होती. ती भावांकडे होती. आजारपणात त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही. मेल्यावर मात्र पुतणे गाडी करून आले, तिला साडीतून काढून सदरा-लेंगा घातला, आम्हाला खांदा देऊ दिला नाही, आणि जाताना खोलीतलं कपाट, टीव्ही, मिक्सर टेम्पोत भरून नेला. दाराशी आम्ही उभ्या होतो. कुणी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ती सदरा-लेंग्यातली माझी गुरू मी विसरू शकत नाही, आणि मला तुम्हालाही विसरू द्यायची नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ माणसांची नोंद झाली. ही आकाशातून पडलेली नाहीत. तेवढ्याच घरांच्या उंबऱ्यांमागे त्यांचा वाटा आहे.

आईबापांनो, तुम्ही हयात आहात तोवर हे तुमच्याच हातात आहे. रेशनकार्डात लेकीचं नाव ठेवा. पत्रिकेत छापा, तिने सांगितलेलंच छापा. वाटणीपत्र कराल तेव्हा तिला समोर बसवा. भावांनो, बहिणीने राखी बांधावी असं वाटत असेल तर तिचा हिस्सा लाटू नका. प्रेमाने मागितलेलं हक्कसोडपत्रही हक्कसोडपत्रच असतं.

आणि बहिणींनो, सही करू नका. भावाने पाय धरले तरी नको, घरी घेतो म्हणाला तरी नको. ज्याला घरी घ्यायचं आहे, त्याला त्यासाठी तुमचा हक्क लागत नाही. गावचा सातबारा आता मोबाईलवर दिसतो, तो आजच पाहा. वारसांची नोंद होण्याआधी संबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ती नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि तिथेच दडपली जाते, म्हणून तलाठी कार्यालयात आपला आजचा पत्ता लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद होऊन गेली असली तरी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, तिथे मोफत वकिलासाठी अर्ज करा. २०१४ चा तो खटला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानेच लढला होता, त्यामुळे त्या दारात जाताना दबकायचं कारण नाही. जाताना वडिलांचा मृत्युदाखला, जुना उतारा, शाळेचा दाखला आणि नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत घेऊन जा. एकटीला जायची भीती वाटत असेल तर बरोबर कुणाला तरी घ्या. पुढच्या महिन्यात मी माझ्या तालुक्याला जाणार आहे, आणि भिशीतल्या दोघीजणी माझ्यासोबत येणार आहेत.