बाळाचं डोकं मोठं नव्हतं, उशीर मोठा होता

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण डोळखांब भागातल्या पाड्यापाड्यावर ज्यांच्या घरी पोटुशी बाई आहे त्यांनी वाचाच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत बहिणीला पहाटे कळा सुरू झाल्या. दिवसभर "होईल, होईल". रात्री ९ ला सांगितलं, "डोकं मोठं आहे, इथे होणार नाही, पुढे न्या." गाडी यायला ११. सिझर झालं ३ वाजता. बाळ ९ दिवस काचेच्या पेटीत. तिथल्या कागदावर डोक्याचा घेर लिहिलाय ३४ सेंटीमीटर.

अहो, पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण एवढंच असतं! मग मोठं काय होतं?

बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात. कळांमध्ये ती एकमेकांवर सरकतात, डोकं लांबुळकं होऊन निघतं. हनुवटी छातीला टेकलेली असली की वाटेत येणारं माप साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास. तेच डोकं कपाळ पुढे करून आलं तर १३ च्या वर. बाळ तेच, आई तीच, पण एकदा सुटते नि एकदा अडते. म्हणून नुसत्या सोनोग्राफीच्या आकड्यावरून आधी छातीठोक सांगता येत नाही. कळा चालू असताना बघत राहावं लागतं. पिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं, ठोके कसे आहेत. हे लिहायलाच पार्टोग्राफचा कागद असतो. बहिणीच्या फाईलमधला मी पाहिला. कोरा!

एकटी सिस्टर किती बायकांकडे बघणार, हे मला कळतं. माझा राग तिच्यावर नाही, तिला एकटी ठेवणाऱ्यांवर आहे.

आणि आपणही कमी नाही. "कमी खा, पोर मोठं झालं तर अडेल" म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. त्याने बाईच अशक्त होते. सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न लावतो, तेव्हा तिच्या कमरेची हाडं पुरती वाढलेलीही नसतात. ते माप कोण बघतं?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात सिझर, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी, सगळं फुकट. येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी लेखी विचारणार आहे: रात्री भूल देणारा डॉक्टर कुठे असतो, रक्त कुठे मिळतं, आणि पार्टोग्राफ कोण तपासतं. अर्जावर सही करणार असाल तर खाली गावाचं नाव लिहा.