दहा प्रतींनंतर ठसा का मोडायचा?

वीकेंडच्या लिनोकट वर्कशॉपमध्ये मी आयुष्यातला पहिला ठसा कोरला. दहा प्रती निघाल्यावर शिकवणारे म्हणाले, "आता ठशावर कटरनं फुली मारा. प्रती कमी, तर किंमत जास्त." मी मारली नाही.

लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं स्वस्त आवरण. कोरायला मऊ, छापायला मशीन नसेल तर चमच्याची पाठही पुरते. म्हणूनच चित्रकारांनी ते उचललं. 1930 मध्ये नंदलाल बोस यांनी काठी टेकत निघालेले गांधी लिनोवर कोरले. बंगालमधून मुंबईत आलेल्या चित्तप्रसाद यांनी राबणारी मुलं कोरली. ही चित्रं तिजोरीसाठी नव्हती, हातोहात जाण्यासाठी होती.

मी सॉफ्टवेअरवाला. कॉपी फुकट निघत असताना तिला कुलूप लावायचा धंदा मला चांगला ठाऊक आहे. माझा पगार त्यातूनच येतो. तोच धंदा इथेही आणायचा?

कलाकारानं पोट कसं भरायचं, हा प्रश्न खरा आहे. मेहनतीचे पैसे घ्याच. पण धडधाकट ठसा मोडून मुद्दाम केलेल्या टंचाईचे कशाला?

माझी अकरावी प्रत आमच्या वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये लागली आहे. बारावी हवी असेल, तर कागद घेऊन या.