कॉफीचा रास्त भाव आणि सरकीचे तेल

एप्रिल 2000 मध्ये स्टारबक्स या अमेरिकी कंपनीने आपल्या दुकानांत फेअर ट्रेडची कॉफी ठेवायचे कबूल केले. ग्लोबल एक्स्चेंज या संघटनेने अनेक शहरांत निदर्शनांची तयारी केली होती. ती व्हायच्या आतच कंपनी नमली. पुढच्या वर्षी ऑर्गॅनिक कन्झ्युमर्स असोसिएशनने त्याच कंपनीकडे आणखी मागण्या नेल्या: जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांपासूनचे घटक नकोत, आणि दूध वाढवण्यासाठी कृत्रिम संप्रेरक टोचलेल्या गायींचे दूधही नको. दुधाची मागणी मान्य व्हायला 2007 अखेर उजाडली. शेतकऱ्याला रास्त भाव आणि जीएम अन्नाला विरोध या दोन गोष्टी अशा मोहिमांत एका दमात मागितल्या जातात. त्यांचा पाया एक आहे असे मलाही वाटते, पण तो आरोग्याच्या भीतीचा नाही. दोन्हींत गिऱ्हाइकाला जे जाणून घ्यायचे असते ते चवीला कळत नाही आणि प्रयोगशाळेतही पुष्कळदा सापडत नाही. ते कळते व्यवहाराच्या नोंदींवरून. ग्राहक चळवळीने आपला जोर लावायला हवा तो या नोंदींसाठी.

जुलै 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली निर्यात कोट्याची पद्धत मोडली आणि भावाचा आधारच गेला. 2001 मध्ये अरेबिकाचा बाजारभाव पौंडाला 50 सेंटच्याही खाली आला. त्या काळात फेअर ट्रेडच्या नियमाने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला किमान 1 डॉलर 26 सेंट मिळत, त्यातले 5 सेंट गावाच्या सामायिक कामांसाठी. बाजार चढला तर चढा भाव द्यायचा, पडला तरी या आकड्याखाली जायचे नाही. कॉफीचा दाणा हातात घेऊन तो काय भावाने घेतला हे कोणाला सांगता येणार? ते सांगते संस्थेची खरेदीवही, निर्यातदाराचा करारनामा आणि दोन्ही तपासणारा तिऱ्हाईत. ही तपासणी जिथवर जाते तिथवरच फेअर ट्रेडच्या शिक्क्याला अर्थ असतो. लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेने 2014 मध्ये इथिओपिया आणि युगांडातला अभ्यास प्रसिद्ध केला. फेअर ट्रेड संस्था असलेल्या भागांतल्या मजुरांची स्थिती इतरांपेक्षा बरी असल्याचे त्यात दिसले नाही. मजुरी पुष्कळदा कमीच होती. फेअर ट्रेडवरचा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि तो मान्य करायला हवा. नियमांची नजर मुख्यतः सभासद शेतकऱ्याच्या भावावर होती, त्याच्याकडे तोडणीला येणाऱ्या बाईच्या रोजावर नव्हती. म्हणून शिक्का फेकून द्यायचे कारण नाही. वहीत तिचेही नाव आणि रोज चढले पाहिजे.

जीएमविरोधी प्रचार मात्र बहुतेक वेळा पोटात काय होईल यावरच बोलतो, आणि तिथेच त्याची बाजू लंगडी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2016 च्या अहवालात, बाजारात असलेली जीएम पिके खाल्ल्याने आरोग्याला जादा धोका असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही. तणनाशकाला दाद न देणारे तण हा शेतीपुढचा मोठा प्रश्न झाल्याचेही याच अहवालात आहे. गायींच्या संप्रेरकाला कॅनडाने 1999 मध्ये परवानगी नाकारली, तीही माणसाच्या आरोग्यापायी नव्हे. गायींना कासदाह होतो, त्या लंगडतात, हे कारण होते. विरोधाला सबळ कारणे आहेत, पण ती शेतात आणि गोठ्यात शोधावी लागतात.

आपल्याकडे बीटी या जीएम वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्याला स्थगिती मिळाली. जीएम अन्न त्याआधीच स्वयंपाकघरात पोचले होते. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि आज कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याच्याखाली आहे. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकी ऑइल मिलला जाते; पेंड गुरांपुढे पडते, तेल फरसाणाच्या कढईत. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे चाचणीत हाती फारसे लागत नाही. वेष्टनावर ‘जीएम’ छापण्याचा नियम 1 जानेवारी 2013 पासून आहे, तरी सरकी तेलाच्या डब्यावर ती अक्षरे सहसा दिसत नाहीत. अमेरिकेत 2022 पासून सक्तीचा झालेला नियम बदललेला डीएनए सापडत नसेल तर सूट देतो. युरोपीय संघाचा 2003 चा कायदा डीएनए उरला की नाही हे पाहतच नाही. तेल जीएम पिकाचे असेल तर तसे सांगावेच लागते. आपण युरोपचा कित्ता गिरवावा.

तेलात काही उरतच नाही तर लोकांना उगाच का घाबरवायचे, असे विचारले जाते. आपल्याकडे शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तो नसलेला पदार्थ विषारी आहे असा अर्थ कोणी काढत नाही. ज्याला जे खायचे ते त्याने जाणून खावे, एवढेच त्यात असते. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाची उघडपणे लागवड केली. निंदणीच्या मजुरीने पिचलेल्या माणसाला शहरातल्या ग्राहकाने बियाणे शिकवू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते. म्हणूनच मागणी बंदीची नसावी, लेबलची असावी. लेबल कोणाच्या पेरणीच्या आड येत नाही. राहिला खर्च. छोट्या मिलला प्रत्येक पोत्याचा माग ठेवणे परवडणार नाही हे खरे, पण तशी गरजही नाही. देशातली बहुतेक सरकी बीटीची असल्याने सरकी तेलाच्या प्रत्येक डब्यावर ‘जीएम’ छापणे हाच सर्वसाधारण नियम ठेवावा, आणि ज्याला देशी कापसाचे तेल म्हणून जादा दाम घ्यायचा आहे त्याने शेतापासून घाण्यापर्यंतच्या पावत्या दाखवाव्यात.